मुतलाच्या कड्यावर आबांनी रचलेली भिंत

हे मी लिहायला बसलेय याचंच मला नवल वाटतंय. मी कुवेतमध्ये एका पेट्रोकेमिकल प्लांटवर प्रोसेस इंजिनिअर आहे. कुठे प्रेशर वाढलं तर कारण सापडेपर्यंत मी जागची हलत नाही आणि भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहा टाकायला उठते... पण गेल्या हिवाळ्यात, भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर जे घडलं त्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

आमचं मूळ गाव माण तालुक्यात. माझ्या वडिलांचे – आबांचे – पणजोबा सुभाना ब्रिटिशांच्या पलटणीत शिपाई होते. वायव्य सरहद्दीवर पठाणांशी लढाया चालू होत्या तेव्हा तिकडे गेले ते परत आलेच नाहीत. पेन्शन नाही, निरोप नाही. मग गावानं आपणच ठरवून टाकलं की सुभाना पळाला. आमच्या घराला नाव पडलं – पळ्याचे. आबा तरुणपणी भरतीला निघाले, तर गावातल्या एका जुन्या फौजीनं चारचौघांत म्हटलं, पळ्याच्या घरचा आहे, जपून घ्या. आबा वाटेतूनच परतले आणि पुढे शिक्षक झाले. हे त्यांनी मला आयुष्यात एकदाच सांगितलं.

तेव्हापासून मी माग काढत होते. इथे महबूल्यातल्या आमच्या फ्लॅटवर सुट्टीच्या दिवशी त्या मोहिमांचे स्कॅन केलेले इंग्रजी अहवाल वाचत बसायचे. साहेबांनी आपली नावं वाट्टेल तशी लिहिलेली, त्यामुळे नावानं शोधून काही मिळेना. एवढंच कळलं की त्या पलटणीतले काही शिपाई बेपत्ता झाले होते. बेपत्ता म्हणजे पळालेलाही असू शकतो... म्हणून आबांना मी काही बोलले नव्हते.

आबा आमच्याकडे राहायला आले होते. कुवेत म्हणजे सगळी सपाटी. डोंगर बघायची त्यांना हुक्की आली. म्हणून एका शुक्रवारी आम्ही जहरा गावाच्या पुढे मुतलाच्या कड्यावर गेलो. गाडी जरीन खानची. हा पेशावरकडचा पठाण टॅक्सीवाला, आमच्या ओळखीचा, मला बाजी म्हणजे ताई म्हणतो. आखाती युद्धातले सुरुंग तिकडे अजून सापडतात, म्हणून मी आबांना मळलेली वाट सोडू नका असं बजावलं होतं.

आबांचे गुडघे गेलेले, हातात काठी. कड्याच्या टोकाशी ते उभे राहिले, खाली बघितलं... आणि काठी टाकून दिली. वाट सोडून सरळ एका उंचवट्याकडे चालत गेले. मी हाका मारत मागे धावले. त्यांनी ओळख दाखवली नाही. वाकून दगड उचलायला लागले. मोठे, दोन्ही हातांनी पेलावे लागतील असे दगड. एकावर एक, फटी बुजवत, अर्धगोल रचत गेले. मी हात धरला तर त्यांनी तो नुसता बाजूला केला. रागानं नाही, कामात असलेला माणूस करतो तसा.

गुडघाभर भिंत झाल्यावर ते तिच्यामागे पालथे झोपले. मी शेजारी बसले. मान न वळवता त्यांनी विचारलं,

"हवालदार, खालची मान्सं उतरली का?"

आबा घरातसुद्धा शाळेतल्यासारखं शुद्ध बोलतात. ही बोली मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. आवाजही त्यांचा नव्हता... आणि माझ्या तोंडून कसं गेलं माहीत नाही, मी म्हटलं, "उतरली. सगळी उतरली."

"मग झ्याक झालं," ते म्हणाले, आणि त्यांचं अंग सैल पडलं.

थोड्या वेळानं उठून बसले ते नेहमीचे आबा. तळहात बघत मला म्हणाले, "वैजू, हे खरचटलं कशानं गं?" त्यांना काही आठवत नव्हतं. डॉक्टरांनी नंतर सगळं तपासलं. शुगर, बीपी, मेंदूचा स्कॅन... सगळं नॉर्मल.

मात्र त्या दिवशी खान त्या भिंतीकडे बघत राहिला होता. म्हणाला, "बाजी, ये तो संगर है. हमारे पहाड़ों में लड़ाई के वक़्त ऐसे ही बनाते थे. इनको किसने सिखाया?"

संगर म्हणजे गोळ्यांपासून आडोसा म्हणून रचलेली दगडी भिंत. हा शब्द मी अहवालांत वाचला होता, पण त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. घरी येऊन नाव सोडून दिलं आणि 'संगर'वरून शोधायला लागले. काही आठवड्यांनी एका कॅप्टनचा रिपोर्ट सापडला. खिंडीतून माघार घेताना जखमींच्या डोल्या खाली उतरेपर्यंत मोजके शिपाई वर संगरात थांबले. थांबणार कोण असं विचारल्यावर हे स्वतःहून पुढे आले होते. जखमी उतरले का हे बघायला त्यांचा हवालदार खाली आला. जखमी उतरले होते, सगळे वाचले. पण हवालदाराला परत वर जाता आलं नाही, आणि वरचं कुणीच खाली आलं नाही. पुढे नावं होती. त्यात वेडंवाकडं स्पेलिंग असलेला सुभाना, आणि शेजारी आमचं गाव.

म्हणजे सुभानांचा प्रश्न तसाच राहिला होता.

खानला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं गाडी बाजूला घेऊन थांबवली. मग म्हणाला, "सामने हमारे ही बुज़ुर्ग रहे होंगे. बाजी, वो मर्द आदमी था."

माझ्या नवऱ्याचं म्हणणं, आबांनी लहानपणी कुठेतरी ऐकलं असेल. पण कुणाकडून? गावात माहीत असतं तर आम्ही पळ्याचे कशाला झालो असतो? आणि मी 'उतरली' का म्हटलं? वाचकांपैकी कुणाला कारण सापडलं तर जरूर कळवा, मी मोकळ्या मनानं ऐकेन.

आबांना मी तो रिपोर्ट मराठीत वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. म्हणाले, चाकरी साहेबाची होती, पण मागं राहिला तो आपल्या माणसांसाठी. मग चष्मा पुसला, ताठ बसले आणि गावी धाकट्या काकांना फोन लावला. स्पीकरवर, वर्गात बोलत तशा खणखणीत आवाजात.

"अरे, पारावर जाऊन सगळ्यांना सांग. सुभाना पळाला नव्हता. थांबला होता."