तिसऱ्या ओळीतला कोमल स्वर

बाबूजी दुकानात आले की आधी काउंटर मोकळा करायचे. काउंटर माझा, पण मला विचारायची पद्धत नव्हती. गिऱ्हाइकांची कागदपत्रं कोपऱ्यात सरकवून तीन पुस्तकं शेजारी शेजारी उघडायची, तिन्हींत एकाच जागी बोट लावायचं आणि म्हणायचं, "पाय बरं, यात कोन खोटं बोलून राहिलं?"

तुमसरात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. मला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. बाबूजी चिखल्याच्या मँगनीज खाणीतले निवृत्त टाइमकीपर. तिथल्या क्लबात एक जुना पियानो पडून होता. नागपूरच्या एका मास्तरांकडे शिकून ते तो वाजवायला लागले, मुलीलाही शिकवलं. आता युरोपातल्या एका जुन्या संगीतकाराची चार पानांची रचना त्यांना शिकणाऱ्या पोरांसाठी बिनचूक छापायची होती. तिच्या तीन छापील आवृत्त्या जवळ होत्या, आणि तिघींचं आपसात पटत नव्हतं. अशी खोड लागलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मुख्य भांडण तिसऱ्या ओळीतल्या एका स्वराचं. दोन पुस्तकं म्हणत शुद्ध, एक म्हणे कोमल.

"दोन विरुद्ध एक. लावा शुद्ध अन् व्हा मोकळे," मी म्हणालो.

"असं नसते बाबू! खाली किती गेले, वर किती आले, हे खाणीत दोन रजिस्टरात लिवत होतो. एक हजेरीचं, एक टोपीवरचे दिवे वाटनाऱ्याचं. दोन्ही जुळले म्हनजे झालं का? त्यानं माह्यं पाहूनच लिवलं असंन तर? मानूस खालीच राहून जाईन ना!"

मग ते चुका शोधायला बसले. दोन महिन्यांनी आले ते दारातूनच ओरडत. त्या दोन पुस्तकांत शेवटच्या पानावर एक टिंब गळलं होतं, दोन्हींत तेच. "चूकबी सारखीच! यानं त्याचं पाहून लिवलं. साक्षीदार दोन नाही, एकच हाये!" पुढे परदेशातल्या एका ग्रंथालयाच्या साइटवरून मी त्यांना संगीतकाराच्या हातच्या पानाचा फोटो काढून दिला. कोमल.

मला वाटलं, आता पेढे. बाबूजी स्टुलावर बसले.

"पोरीनं कोमलच वाजवला होता," ते म्हणाले. क्लबातल्या कार्यक्रमात, सगळ्यांदेखत, त्यांनी तिचा हात धरून तिला थांबवलं होतं. तिने पियानोचं झाकण लावलं, ते परत कधी उघडलं नाही. तेव्हा ती आठवीत होती. आता पुण्यात नोकरी करते. दिवाळीला येते, तब्येत विचारते, जाते.

"मग करा ना फोन तिला. आत्ता करा."

"तोंडी कायले? छापूनच देतो." त्यांनी तळटीप सांगितली, मी टाइप केली: 'या जागी कोमल स्वरच खरा. माझ्या मुलीने तो कानाने ओळखला होता. मी तिला चूक ठरवले.'

मग प्रुफं सुरू झाली. दुसरं, चौथं, सहावं. कुठे टिंब, कुठे स्वल्पविराम. मी वैतागून म्हणायचो, "बाबूजी, तुम्ही भिऊन राहिले." ते हसायचे. सातवं प्रूफ न्यायला ते आलेच नाहीत. झोपेतच गेले, असं खाणीच्या कॉलनीतल्या एकाने सांगितलं. मी बरं म्हणालो आणि त्याच्या लायसनची झेरॉक्स काढून दिली. मला रडू आलं नाही, अजूनही नाही. नुसतं बधिर वाटतं.

बाबूजींचं तेरावं उरकल्यावर त्यांची मुलगी दुकानात आली, वडिलांचे कागद न्यायला. मी प्रूफ पुढे ठेवलं. तिने तळटीप दोनदा वाचली.

"भाऊ, माझं बोट घसरलं होतं," ती म्हणाली. "मला शुद्धच वाजवायचा होता. ते रागावले ते बरोबरच वाटलं मला."

"मग पियानो काहून सोडला?"

"आवडतच नव्हता. त्यांना सांगायची हिंमत नव्हती, ते एक निमित्त सापडलं. फोन केला असता तर मी सांगितलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं."

मी विचारलं, "तळटीप कशी ठेवू?"

"स्वर बरोबर आहे ना?"

"आहे."

"मग तेवढंच ठेवा."

तिच्यासमोरच मी दोन वाक्यं खोडली. तिने प्रुफावर सही केली आणि पुण्याची गाडी धरायला चारच्या बसने नागपूरला गेली.