पिवळी पट्टी

भीती वाटली की माझं डोकं थांबतं आणि तोंड सुरू होतं. त्या दुपारी मी आमच्या दुकानात उभी राहून आधी झाडूवर, मग पंख्यावर आणि मग वडिलांवर डाफरत होते. हातात पिवळ्या टेपची गुंडाळी होती. नवीकोरी, वरचा प्लास्टिकचा कागदही न फाडलेली.

त्या गुंडाळीला मी एवढी का घाबरले, ते सांगायला हवं. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं मोटारींच्या वायरिंगचं दुकान आहे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी काढलेलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, त्यामुळे वायरींवर छापलेली अक्षरं त्यांच्या काही कामाची नव्हती. त्यांनी आपलीच खूण ठरवली. डॅशबोर्डखाली शिरायचं, टेस्टर लावायचा आणि ज्या वायरीतून बिनधोक वीज घेता येईल तिला पिवळ्या टेपचे दोन वेढे द्यायचे. पिवळेच, कारण आमच्या घरी हळद लावल्याशिवाय कुठलंच काम सुरू होत नाही. आप्पा वायरीला हळद लावायचे आणि मी त्या खुणेवर जोड द्यायचे. त्यांची खूण मी कधी पुन्हा तपासली नाही. त्यांच्यादेखत टेस्टर लावणं म्हणजे त्यांना खोटं पाडण्यासारखं वाटायचं.

गोची अशी, की गाड्या बनवणारे पिवळा रंग नेमका उलट कारणासाठी वापरतात. एअरबॅगची वायर पिवळी असते, ती कुणी हात लावू नये म्हणून. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत ती वायर जाड पिवळ्या नळीतून गेलेली असते, आंधळ्यालाही कळेल अशी.

आदल्या दिवशी आलेली गाडी मात्र आमच्याकडच्या नेहमीच्या गाड्यांतली नव्हती. लाल, दोनच सीटची, जमिनीला पोट टेकलेली स्पोर्ट्स कार. मालक आमच्याच गल्लीतला, बरीच वर्षं परदेशी राहून आलेला. त्याला डॅशबोर्डमधला जुना रेडिओ काढून तिथे टॅबलेट बसवून हवा होता. गाणी, नकाशा, फोन सगळं त्या एका काचेवर. डॅशबोर्ड कापताना माझा जीव मुठीत होता. असली गाडी आमच्या दारात पुन्हा येणार नव्हती आणि तिच्या डॅशबोर्डवर एक ओरखडा उठला असता तर गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नसती. तेव्हा मला वाटलं होतं की यापेक्षा मोठी भीती या कामात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त टॅबलेटला वीज द्यायची राहिली होती. मला टॅबलेटच्या चौकटीचे स्क्रू आणायला बाजारात जायचं होतं. "आप्पा, तेवढी वायर बघून ठेवा," असं सांगून मी गेले. परत आले तेव्हा ते स्टुलावर बसून फिल्टरची कापी पीत होते.

"झालं का आप्पा?"

"झालं की," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मी गाडीत आडवी होऊन मोबाइलच्या उजेडात वर पाहिलं. पिवळा टेप गुंडाळलेली एक वायर समोरच होती. मी तिच्यावर जोड दिला. चावी फिरवली, टॅबलेट झळकला. दुपारी मालक आला. त्याची आठ वर्षांची मुलगी उडी मारून पुढच्या सीटवर बसली, कारण त्या गाडीला मागची सीटच नाही. पापनाशमला आजीकडे निघाली होती. मी तिला पट्टा लावून दिला आणि टाटा केला.

त्यानंतर झाडताना मला फळीवर ती गुंडाळी दिसली. जुना टेप गेल्या आठवड्यात संपला होता. ही नवी मीच आणली होती आणि ती उघडलेली नव्हती.

"आप्पा, सकाळी टेप कोणता लावलात?"

ते फळीवरची हत्यारं नीट लावायला लागले. मी डाफरले ते तेव्हाच. झाडू फेकला. शेवटी ते म्हणाले, "मी लावलो नही. ती गाडी फार खाली. मज वाकवेना."

"मग झालं का म्हणालात?"

"जरा थांबून सांगू म्हणालो. तोवर तू जोड दिलीस. मग मज वाटलं, तू बघूनच दिली असशील."

ती पिवळी पट्टी आमची नव्हती. गाडीचीच होती, एअरबॅगच्या वायरीवरची.

मी फोन काढला, नंबर लावला आणि पहिली रिंग ऐकताच कापला. कारण तो फोन आता गाडीत त्या टॅबलेटवर वाजणार होता. म्हणजे पापनाशमच्या कालव्याकाठच्या अरुंद रस्त्यावर, समोरून बस येत असताना, तो माणूस माझं नाव वाचायला मान वळवणार. आणि खरं सांगायचं तर मला असंही वाटलं की फोनच्या त्या रिंगनेच एअरबॅग फुटेल. असं होत नाही हे मला कळत होतं, तरी माझं बोट पुन्हा त्या नंबरवर जाईना.

मी हत्यारांची पिशवी घेऊन स्कूटर काढली. आप्पा न विचारता मागे बसले. एरवी मी नको म्हटलं असतं.

वेण्णार नदीच्या पुलावर मी पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं. पुढे दोन्ही बाजूंनी हिरवी भातशेतं आणि त्यांत बगळे, रोजच्यासारखे निवांत. मला त्या बगळ्यांचाही राग आला. समोर कुठे चार माणसं जमलेली दिसली की मी ब्रेक दाबायचे. एकदा खरंच गर्दी होती, पण ती शहाळ्याच्या गाडीभोवती. माझ्या डोळ्यांसमोर त्या मुलीचा पट्टा येत होता, मी माझ्या हाताने लावलेला. आप्पांचा एक हात माझ्या खांद्यावर होता आणि तो थरथरत होता. स्कूटर हलतेय म्हणून असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

अय्यमपेट्टैच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. त्या क्षणी जगातलं कुठलंही देऊळ मला त्या फाटकाइतकं प्रिय नव्हतं. बसच्या आडोशाला ती लाल गाडी उभी होती. मी धावत जाऊन काच बडवली.

मालकाने काच खाली केली. टॅबलेटवर गाणं चालू होतं, मुलगी पाय हलवत होती. मला बघून तो हसला आणि म्हणाला, "अक्का, बरं झालं आलात. हा लाल दिवा पुलापासून लागलाय. तुमच्या टॅबलेटचाच ना?"

तो दिवा एअरबॅगचा होता.

"गाडी बंद करा," मी म्हणाले. "एअरबॅगचा आहे तो. पोरीला बाहेर काढा. आत्ता."

माझा चेहरा बघून त्याने इंजिन बंद केलं आणि मुलीला खाली उतरवलं. बाजूच्या दोघांनी हात लावला आणि आम्ही गाडी ढकलून कडेला घेतली. मी बॅटरीची तार सोडली. मग दहा मिनिटं थांबावं लागतं, कारण बॅटरी काढल्यावरही एअरबॅगमध्ये थोडी वीज शिल्लक राहते. रेल्वे गेली, फाटक उघडलं, मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. मी घड्याळाकडे बघत उभी होते. दहा मिनिटांनी आत शिरून जोड काढला. हात घामाने इतका ओला होता की पक्कड दोनदा निसटली.

बाहेर आल्यावर मालकाने हळूच विचारलं, "फुटली असती काय?"

"फुटली असती. नाहीतर फुटायला हवी तेव्हा फुटली नसती. दोन्ही होऊ शकलं असतं," मी म्हणाले. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "चूक माझी आहे. कंपनीत दाखवेपर्यंत पोरीला या सीटवर बसवू नका."

त्याने गाडीतून मुलीची पिशवी काढून घेतली. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

मागून पापनाशमची बस आली. आप्पा म्हणाले, "मी नेतो तिला बसमधून. तुम्ही मागून या, हळू." मालकाने आधी आप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली. आप्पांनी मुलीचा हात धरला. तिने लगेच खाली पाहिलं.

"आजोबा, तुमचा हात कशाला हलतो?"

"दोन वर्षं झाली बाळ, हलतोच," आप्पा म्हणाले. "वायर धरवत नही आता."

किती सहज सांगितलं त्यांनी. फक्त कुणीतरी विचारायचा अवकाश होता.

मीही पाहिलं होतं. कापीचा पेला बशीवर वाजायचा तेव्हा मी रेडिओ मोठा करायचे. वायरींवरचे वेढे सैल पडायला लागले होते, ते मी गुपचूप घट्ट करायचे. पण विचारलं नाही. विचारलं तर ते उत्तर देतील, याची मला भीती वाटायची.

मुलीने आपला दुसराही हात त्यांच्या हातावर ठेवला, आणि ती दोघं एकेक पायरी करत बसमध्ये चढली. मी बस दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहिले आणि मग टेस्टर पिशवीत टाकला. यापुढे प्रत्येक वायर मीच तपासणार होते.