सत्तावीस नंबरची खोली

नलू परुळेकरने तीस वर्षं दादरच्या एका आर्किटेक्टकडे दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर ती लालबाग-परळच्या चाळींमधून फिरू लागली. बिल्डर दारात येण्याआधी रहिवाशांनीच आपल्या पुनर्विकासाचा आराखडा करावा, हे तिचं वेड. कागदावरचा नकाशा लोकांना कळत नाही, नुसत्या माना डोलावतात. म्हणून ती पटांगणात कबड्डीच्या मैदानासारखी चुन्याची फक्की मारून एकेक मजला खऱ्या मापाने आखायची आणि म्हणायची, "या, उभे राहा आपापल्या घरात."

त्या रविवारी अशाच एका चाळीच्या पहिल्या मजल्याची पाळी होती. बिऱ्हाडं हसतखिदळत आपापल्या चौकोनात शिरली. सत्तरी ओलांडलेले धोंडूकाका तेवढे खुर्च्या मांडून झाल्यावर रेघांबाहेर, नळापाशी उभे होते.

"काका, तुमचं घर कुठलं?"

"माझा घर खंय गो? मी सत्तावीस नंबरात रवतंय. ती खोली गावाची."

सत्तावीस नंबरची भाडेपावती एका मेलेल्या माणसाच्या नावावर होती. वारस सापडेना, म्हणून नलूने ती खोली बंद धरली आणि तिची जागा मजल्यावरच्या सगळ्यांना वाटून टाकली. गिरणीत कामाला आलेल्या अख्ख्या गावाने मिळून घेतलेली खोली एकाच्याच नावावर लागायची, बाराजण पाळ्यांप्रमाणे तिथे झोपायचे, हे गिरणगावात जन्मलेल्या बाईला ठाऊक नसावं? आता तिथे धोंडूकाका एकटेच उरले होते आणि तिने पावतीवर भिस्त ठेवून त्यांना रस्त्यावर काढलं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. चाळीत मात्र हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण नव्या घरात प्रत्येकीचा स्वयंपाकाचा ओटा हातभर वाढला होता, म्हणून कुणी ब्र काढला नव्हता.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "आराखडा बदलावा लागेल. प्रत्येकाचं घर थोडं आखडेल."

"ताई, सह्या झाल्यात ना," चाळीचा सेक्रेटरी विनीत म्हणाला. "एका माणसासाठी सगळा प्लॅन फिरवायचा?"

शेजारच्या चौकोनातून म्हाताऱ्या मीराबाई कडाडल्या, "विनीत, तुझा बापूस मुंबईत आला तेव्हा कुठल्या खोलीत उतरला रे? त्याचं ताट मीच पोचवत होते तिथे."

विनीतने चपलेने आपल्या ओट्याची रेघ पुसली. एकेक करत बाकीच्यांनीही पुसली. दोघींनी तोंड वाकडं केलं, पण पुसली.

नलूने नवा चौकोन आखला आणि धोंडूकाकांना हाताला धरून आणलं. चपला रेघेबाहेर काढून ते आत गेले आणि एका कडेला, चटईपुरत्या जागेत, अंग चोरून उभे राहिले.

"काका, मध्ये या ना. सगळी खोली तुमची आहे."

"आणि बाकीच्यांका?" ते म्हणाले. "गावसून कोण इलो तर तो निजतलो खंय?"