गालातली खाण

शिरगावच्या जत्रेत बायकोने मोगऱ्याची माळ माझ्या नाकापुढे धरली आणि मला काही म्हणजे काही वास आला नाही.

"प्लास्टिकची?" मी विचारलं.

"देवीच्या माळेक प्लास्टिक म्हणता? जीभ झडतली!"

उजवी नाकपुडी वर्षभर बंदच होती, त्या दिवशी जत्रेच्या धुळीने डावीही चोंदली होती. गावच्या नाटकात मी राजा. आरोळी ठोकली की शेंबडं पोर रडल्यासारखी निघायची. म्हापशाच्या डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं. मग म्हणाले, "मांस वाढलंय. एकाच बाजूला आहे, म्हणून सीटी स्कॅन करून या."

एकाच बाजूला असलं तर काय, हे मला विचारायची गरज नव्हती. माझ्या मामाचंही एकाच गालात सुरू झालं होतं. कॅन्सर. सहा महिन्यांत मामा गेला.

गोवा नुकतंच राज्य झालेलं, यंत्रही नवंकोरं. पणजीला मला पालथा झोपवून हनुवटी पुढे काढायला लावली. "हालूं नाका," आतून आवाज आला. हलतो कशाला? मी कधीच दगड झालो होतो.

येताना बसच्या खिडकीशी फिल्म धरली. डावीकडे सगळं राखाडी, भरलेलं. उजवीकडे, गालात, हे एवढं काळंकुट्ट भगदाड! आम्ही डिचोलीची, खाणींच्या मुलखातली माणसं. डोंगर पोखरला की कसा दिसतो ते आम्हांला कुणी शिकवायला नको.

"गाल खाल्लो गो," मी पुटपुटलो.

जन्मभर मला टोमणे मारणाऱ्या, शेजारी बसलेल्या बायकोने माझा हात घट्ट धरला. तेव्हा मी खरा घाबरलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर मी त्या भगदाडावर बोट ठेवलं. "किती दिवस उरले?"

"ही तुमची चांगली बाजू. काळं म्हणजे हवा. मांस वाढलंय ते या राखाडीत."

"पण बंद उजवी आहे!"

"फिल्ममधला माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा आहे. नाटकात काम करता ना? तुमचा उजवा हात प्रेक्षकांच्या कुठल्या बाजूला येतो?"

तीस वर्षं रंगमंचावर, आणि मी स्वतःलाच उलटा बघितला! पण आजार तर राखाडीत होताच. "मग तिथे..." मी बोट राखाडीवर सरकवलं.

त्यांनी राखाडीभोवतीची पांढरी रेघ दाखवली. "हाड शाबूत आहे, कुठे खाल्लेलं नाही. बहुतेक साधंच. काढल्यावर तुकडा तपासू."

त्या 'बहुतेक'वर मी शस्त्रक्रियेनंतरचे आठ दिवस काढले. तपासणीचा कागद बायकोनेच आधी वाचला आणि पदराने डोळे पुसले. मी कागद तिच्या हातातून ओढायला गेलो.

"साधोच आसा," ती म्हणाली. "चांगल्या गालाचो दुखवटो फुकट गेलो तुमचो!"