पाहुण्यांचा सोनटक्का

माझ्या मावशीच्या नवऱ्याला आम्ही सगळे ‘पाहुणे’ म्हणतो. बोटीच्या इंजिनरूममध्ये काम करणारा माणूस. वर्षातून एकदा, ऐन उन्हाळ्यात घरी यायचा आणि बॅग पुरती रिकामी व्हायच्या आत परत निघायचा. मावशीसुद्धा म्हणायची, “आमच्या पाहुण्यांचा फोन आला होता.” म्हणायची हसत, पण फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ त्याच खुर्चीत बसून राहायची. मी शेजारच्याच गल्लीत राहते, येता-जाता मला दिसायचं.

एकदा फोनवर पाहुणे म्हणाले, “अगं, इथे नाकात नुसतं तेल बसलंय. घराचा वास कसा असतो तेच आठवत नाही.” झालं. मावशीने मनावर घेतलं. माणूस फाटकातून आत आला की फुलांचा वास यायलाच हवा!

आता मावशीच्या घराला बाग म्हणावी अशी जागा एकच, फाटकाशेजारचा कोपरा. दिवसभर रणरणतं ऊन आणि खाली कायमचा चिखल. गल्लीचा सगळा उतार तिथे येऊन संपतो, त्यामुळे पाणी पाझरतच असतं. गुलाब लावला, त्याची मुळं कुजली. मोगरा पिवळा पडून गेला. निशिगंधाचे कंद उकरून पाहिले तर हाताला लगदा लागला. मावशीची एक चप्पलही त्या चिखलाने गिळली, ती अजून सापडलेली नाही. मी म्हटलं, “चार पाट्या मुरूम टाक आणि मोकळी हो.” ती माझ्यावरच उखडली.

“मुरुमाला वास येतो का गं?”

शेवटी रोपवाल्याला बोलावलं. त्याने चिखलात बोट खुपसलं, डोळे बारीक करून उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाला, “बाई, इथे कर्दळ लावा. पाय पाण्यात असले की उन्हाला भीक घालत नाही. लाल, पिवळी, बारा महिने फुलते.”

“वास?”

“वास नाही.”

“मग नको. आणि बारा महिने फुलणारीला वाट बघणं काय कळणार?”

रोपवाला माझ्याकडे बघायला लागला. मी नजर चुकवली. तो म्हणाला, “मग सोनटक्का घ्या. एरवी कडक उन्हात पानं करपतात त्याची, पण इथे ओल आहे, निभावेल. वास असा, की गल्लीला कळेल. फक्त पावसाळा सरताना फुलतो, हं.”

मावशीने ‘वास’ एवढंच ऐकलं.

सोनटक्का माजला. माणसाच्या छातीएवढा झाला. उन्हाळ्यात पाहुणे आले आणि फाटकातच थबकून म्हणाले, “हा कसला ऊस लावलायस?” मावशी हसली, स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली. सुट्टी जरा पुढे मिळेल का, म्हणून पाहुण्यांनी वरिष्ठांना विचारूनही पाहिलं. कुणी दाद दिली नाही.

मग वर्षानुवर्षं तेच. पाऊस ओसरायचा, पांढरी फुलं उमलायची, संध्याकाळी घर भरून जायचं. मावशी इस्पितळाच्या धोबीखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करून यायची, दोन फुलं पेल्यात घालून फोनशेजारी ठेवायची आणि एकटीच जेवायला बसायची.

“फोटो पाठव की,” पाहुणे म्हणायचे.

“फोटो हुंगणार आहात का?” एवढंच बोलून ती विषय बदलायची. माझा जीव तुटायचा.

यंदा पाहुणे निवृत्त होऊन कायमचे घरी आले. आले, आणि घरातले सगळे नळ दुरुस्त करत सुटले. मावशी वैतागायची आणि आतून फुलून यायची. पावसाळा सरत आला. एका संध्याकाळी मी तिकडे गेले, तर फाटकापासूनच वास. पाहुणे मोरीत नळाशी झटापट करत होते. मावशी नुकतीच कामावरून आली होती. तिने खोल श्वास घेतला, दोन फुलं पेल्यात घातली, एक ताट काढलं, वाढून घेतलं आणि खिडकीशी जेवायला बसली.

पाहुणे हात पुसत बाहेर आले. “पाहुण्यांना वाढत नाहीत वाटतं या घरात?”

मावशीने ताटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिचा चेहरा पार उतरला.

“अहो, हा वास आला ना, की तुम्ही नसताच,” ती म्हणाली आणि तिला रडू आवरेना.

पाहुण्यांनी आपलं ताट घेतलं, आपणच वाढून घेतलं आणि खुर्ची तिच्या अगदी जवळ ओढून बसले. मी चपला शोधायच्या निमित्ताने बाहेर पडले.

सकाळी मावशीचा फोन आला. “रोपवाल्याकडे जाशील का गं?”

“काय आणू?”

“कर्दळ,” ती म्हणाली. “बारा महिने फुलते ना, ती.”