आत्याची साक्ष

आमच्या गिरगावातल्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की साक्षीची सभा भरते. ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं आणि आपलं तारण कधी, कुठे, कसं झालं ते मंडळीला सांगायचं. तारीख, वार, जमलं तर वेळसुद्धा. मी हे परकरात होते तेव्हापासून ऐकतेय, आता साठी उलटली. एखादी साक्ष ऐकून सांगणाऱ्याबद्दल माझं मत सुधारलं, असं एकदाही झालेलं नाही. एकच गृहस्थ तीच साक्ष वर्षानुवर्षं देतो आणि दर खेपेला त्याची जुनी पापं थोडी वाढलेली असतात. सुरुवातीला नुसते पत्ते कुटणारा माणूस दहा वर्षांत अट्टल दारुडा होऊन बसतो. त्याची बायको शेजारी बसून मान डोलावते. तिला बिचारीला ठाऊक असतं की हा जन्मात कधी थेंबालाही शिवला नाही.

या सभेच्या वेळी माझी आत्या मागच्या खोलीत चहा करायला जायची. साठ-सत्तर कपांचा चहा, एकटी. कोणी म्हटलं, "मावशी, आज तुम्ही दोन शब्द बोला," तर म्हणायची, "दूध उतू जाईल." चाळीस वर्षं ते दूध उतू जायच्या बेतात होतं.

आमच्यात तारण विश्वासाने मिळतं, कर्मांनी नाही. माणूस कितीही चांगला वागला तरी त्या जोरावर त्याला स्वर्ग मिळत नाही. तो फुकट दिलेला असतो, आपण हात पुढे करून घ्यायचा. कर्मांनी मिळाला असता तर माणूस फुशारला असता, असं पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, सांगतात. तत्त्व म्हणून मला ते कधी चुकीचं वाटलं नाही. मला चीड यायची ती त्या तत्त्वाच्या सावलीत पाय पसरून बसलेल्या माणसांची. कर्मांनी तारण होत नाही ना, मग करायचीच कशाला, असा सोयीचा अर्थ त्यांनी काढलेला. कोणी आजारी पडलं की प्रार्थना, कोणाची नोकरी गेली की प्रार्थना. प्रार्थनेला डबा लागत नाही, टॅक्सी लागत नाही, रजाही टाकावी लागत नाही.

त्यांच्यातल्या शिरोमणी म्हणजे आमच्या महिला संघाच्या अध्यक्षीणबाई. राहायला दादरला, आवाज खणखणीत, हात लोण्यासारखे. एकदा परळच्या हॉस्पिटलात आमच्या मंडळीतल्या एका म्हातारीला बघायला आम्ही दोघी गेलो होतो. बाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि वीस मिनिटं परमेश्वराला त्या म्हातारीची माहिती देत राहिल्या. म्हातारीला लघवीला लागली होती. ती माझ्याकडे काकुळतीने बघत होती. मी भांडं आणलं, पांघरूण वर केलं, तिचं झालं, भांडं धुऊन आणून ठेवलं, तेव्हा आमेन आलं. बाहेर पडल्यावर बाई म्हणाल्या, "किती शांत वाटलं ना तिला!"

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, हे मी तेव्हापासून त्यांच्या तोंडावर म्हणायला लागले.

माझ्याकडे हुकमाचं पान होतं, ते म्हणजे आत्या. ती त्याच हॉस्पिटलात आया होती. मंडळीत कोणी बाई वारली की माणूस पहिल्यांदा आत्याच्या लालबागच्या चाळीत यायचा, मग पेटीवाल्याकडे जायचा. आत्या एका पिशवीत जुनेराचे स्वच्छ तुकडे, साबण, खोबरेल आणि कंगवा घेऊन निघायची. मेलेल्या बाईला आंघोळ घालून, पांढरं पातळ नेसवून तिला पेटीत ठेवण्याजोगं करायचं, हे तिचं काम. दार लावून घ्यायची. मी दोन-चारदा मदतीला आत होते म्हणून मला माहीत आहे, पाणी कोमट घ्यायची. "आता कुशीवर हं बाई," असं त्या मेलेल्या बाईला सांगून मग तिला वळवायची. केस शेवटी. खोबरेल चोपडून, गुंता सोडवून, वेणी घालून. त्या घरात पाण्याचा घोटसुद्धा घ्यायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याबद्दल अवाक्षर नाही.

अध्यक्षीणबाईंच्या आईलाही तिनेच धुतलं. बाई तेव्हा बाहेरच्या खोलीत स्तोत्र म्हणत होत्या.

म्हणून बायबलच्या वर्गात विश्वास आणि कर्मं हा विषय निघाला की मी आत्याला पुढे करायची. एकदा तर मी भर वर्गात म्हटलं, "बाई, तुमच्या आईला विश्वासानेच धुवायचं होतं की. आत्याला कशाला बोलावलंत?" बाई बायबलची पानं उलटत राहिल्या. मला त्या रात्री छान झोप लागली. खोटं कशाला बोलू, या लोकांना तुच्छ लेखण्याचं सुख मी पुष्कळ वर्षं मनमुराद घेतलंय.

चाळ पडली, तिथे टॉवर आला आणि आत्याला चौदाव्या मजल्यावर एक खोली-स्वयंपाकघर मिळालं. तिथल्या गुळगुळीत लादीवर ती घसरली आणि खुबा मोडला. नव्वदीच्या बाईचं ऑपरेशन डॉक्टरांनी नको म्हटलं. ती अंथरुणाला खिळली. तिला मूलबाळ नाही, माझंही मागेपुढे कोणी नाही. मी शीवचं घर बंद केलं आणि तिच्याकडे जाऊन राहिले.

प्रार्थनेला चिकार लोक आले. सफरचंदं आली, एवढी की शेवटी शेजारच्या घरी वाटली. तिचं अंग पुसायला कोणी आलं नाही; आली फक्त ती शेजारीण, मालवणकडची. ती रोज दुपारी वाटीभर पेज आणायची आणि आत्याला उचलून कुशीवर करायला मला हात द्यायची. मी एकदा अध्यक्षीणबाईंना मुद्दाम विचारलं, "ही बाई गणपती बसवते. हिचं तारण नाही का होणार?" बाई हळहळून म्हणाल्या, "तेच तर वाईट वाटतं गं." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. ते पाहून मला त्यांची अधिकच किळस आली.

मग नवे पाळक आले. तरुण, उत्साही. त्यांनी नवीन पद्धत काढली. मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी मोबाईलवर 'वेळेवर' घेऊन ठेवायच्या आणि त्यांच्या दफनविधीच्या दिवशी चर्चमधल्या पडद्यावर दाखवायच्या. ज्यांची साक्ष आहे त्यांच्याबद्दल पाळक म्हणणार, "ते प्रभूजवळ गेले." ज्यांची नाही त्यांच्याबद्दल, "आपण त्यांना प्रभूच्या दयेवर सोपवू या." ऐकायला दोन्ही सारखं, पण चर्चमध्ये बसलेल्यांना बरोबर कळायचं. दुसऱ्या वाक्याला माना एकमेकींकडे वळायच्या.

आत्याची साक्ष घ्यायला ते रविवारी दुपारी येणार होते. सकाळी तिची वेणी घालताना मी तिला पढवलं. "आत्या, ते विचारतील की उद्या देवासमोर उभी राहिलीस तर काय सांगशील. सांग, तुमच्या बायका मी धुतल्या. एकेकीचं नाव घे. अध्यक्षीणबाईंच्या आईचं आधी घे."

आत्या बोटांनी चादरीची किनार सरळ करत राहिली. मला वाटलं, लक्षात ठेवतेय.

तिघं आले. पाळक, अध्यक्षीणबाई आणि मोबाईल उभा करायची ती तीन पायांची काठी. पाळकांनी खिडकीचा पडदा सरकवून उजेड बघितला. म्हणाले, "आजी, रिलॅक्स राहा. फक्त इकडे बघा. एडिटिंग मी करतो." शेजारीण पेजेची वाटी घेऊन दारात आली होती. ती माझ्या कानाशी पुटपुटली, "म्हातारेक कित्याक तरास देतत गे ह्ये?" मी तिला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. मला तमाशा बघायचा होता.

अध्यक्षीणबाईंनी ठरलेला प्रश्न विचारला. "मावशी, उद्या प्रभूने विचारलं, तुला स्वर्गात का घेऊ, तर काय सांगाल?"

आत्याने नजर छताकडे वळवली. मग म्हणाली, "मी एकीला धुतलं नाही."

"मावशी, इकडे कॅमेऱ्यात बघा हं."

"माझ्या भावजयीला. हिच्या आईला." तिने माझ्याकडे बोट केलं. "बोलावणं आलं होतं. ताप आहे म्हणून सांगितलं. ताप नव्हता. दाराला कडी घालून आत बसले होते."

माझी आई हॉस्पिटलात वारली तेव्हा मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. आत्या तापाने फणफणलीय, असा निरोप आला. आईला वॉर्डातल्या दोन अनोळखी बायांनी धुतलं, घाईघाईत. पेटीत ठेवलेल्या आईच्या पोलक्याचे हूक वरखाली लागले होते. केसांतून पाणी निथळत होतं आणि ते कोणी विंचरलेसुद्धा नव्हते, तसेच पदराखाली कोंबले होते. माझी आई केस न विंचरता कधी दूध घ्यायलाही दारात गेली नव्हती. नंतर कितीतरी दिवस मीच लोकांना सांगत फिरले, बिचाऱ्या आत्याला ताप होता, नाहीतर असं झालं नसतं.

"का केलंत असं?" पाळकांनी विचारलं. ते एडिटिंग विसरले होते.

"ती म्हणाली होती, ज्या हातांनी मुडदे धुतेस त्या हातांनी माझ्या घरात भाकरी थापायची नाही. माझ्या पुढ्यातून परात ओढून घेतली होती, चार माणसांत." आत्याला धाप लागली. "लागलं मला ते. म्हटलं, आता बघू कोण धुतं. मग ती गेली. मग बाकीच्या सगळ्यांना धुतलं. ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटला नाही. एक राहिली म्हणून बाकीच्या धुतल्या. पण ती राहिलीच."

आई तसं म्हणाली असेल यात मला तिळमात्र शंका नव्हती. तिचा तो स्वर मला पाठ आहे. माझाही तोच आहे.

अध्यक्षीणबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी आत्याचा हात धरला. "मावशी, प्रभूने माफ केलंय. त्याच क्षणी केलंय. तुम्ही फक्त विश्वास ठेवा." एरवी मी या वाक्याला नाक मुरडलं असतं. दुसऱ्याची आई, दुसऱ्याची आत्या, आणि क्षमा करून मोकळ्या होणाऱ्या ह्या कोण? पण तेव्हा माझं लक्ष पोलक्याच्या त्या वरखाली हुकांवर होतं.

आत्याने हात सोडवून घेतला. "प्रभूचं प्रभू बघेल. त्याच्याशी रोज बोलते मी. मला हिचं पाहिजे." तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "पोरी, तू सोडलंस का मला? एवढं सांग. तेवढंच घेऊन जाते."

खोलीतली तिन्ही माणसं माझ्याकडे बघत होती. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. त्याला डबा लागत नव्हता, टॅक्सी लागत नव्हती.

मी म्हटलं, "चादर ओली झालीय वाटतं. जरा बाहेर थांबा सगळे."

चादर कोरडी होती. मी ती बदलली.

त्यानंतर आत्या अकरा दिवस जगली. तिने मला आणखी दोनदा विचारलं. एकदा मी तिची नखं कापायला घेतली, एकदा पेज गरम करायला आत गेले. मग विचारायचं तिने सोडून दिलं. मी सांगेन ते करायची; उजवीकडे वळ म्हटलं की वळायची, तोंड उघड म्हटलं की उघडायची. त्या दिवसांत मी तिची सेवा केली तशी कोणी केली नसेल. दर दोन तासांनी कूस बदलली, रात्री गजर लावून उठले. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. डॉक्टर म्हणाले, नर्सिंग शिकलात का. या सगळ्यात मला आईचे ते ओले केस दिसत होते आणि मी तो एक शब्द दाबून धरला होता. तिने मागितला होता म्हणूनच द्यावासा वाटत नव्हता. देईन, सवडीने देईन, असं मी स्वतःला सांगत होते. बाराव्या दिवशी पहाटे मी तोंड धुऊन आले तर ती गेलेली.

दफनाच्या दिवशी पडद्यावर काही दाखवलं नाही. पाळकांनी आपण होऊन, कागदाकडे न बघता सांगितलं की आमची बहीण प्रभूजवळ गेली. एकाही बाईने मान वळवली नाही. मग अध्यक्षीणबाई बोलायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी आजवर विश्वासाबद्दल पुष्कळ बोलले. पण विश्वास कृतीत कसा दिसतो हे मला मावशींच्या घरात बघायला मिळालं. आपल्या या बहिणीने आत्याला फुलासारखं सांभाळलं. मला तिची क्षमा मागायची आहे, मी तिला कठोर समजत होते." आणि सगळ्या मंडळीसमोर त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.

मी मान खाली घातली. लोकांना तो माझा नम्रपणा वाटला.