टिटवीची हरकत

होटगीजवळच्या राखीव पाणथळीतून रस्ता काढायचं ठरलं, तेव्हा बायकोनं आणि मी हरकत घेतली. पाहणीला एक अधिकारी आले.

"इथं कुठं पक्षी दिसतात? नुसतं माळरान आहे," असं म्हणत ते गवतात शिरले. तिथं टिटवीची अंडी होती. टिटवी किंचाळत थेट त्यांच्या डोक्यावर झेपावली. साहेब पळाले आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले.

आम्ही दोघांनी हात धरून त्यांना बाहेर ओढलं, पण एक बूट आतच राहिला.

"साहेब, माळरान लई खोल हाय की," बायको म्हणाली.

रस्ता शेवटी पाणथळीला वळसा घालून गेला. आता शेतावर जाताना लांबचा फेरा पडतो, आणि त्यावरून बायको मलाच बोलते.